उतारावर पॅडल किती मारायचं, कुठे मारायचं आणि कधी सोडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सायकल २७.५ इंची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली), पुढे तीन आणि मागे सात गिअर, सीटपोस्ट साधा. रविवारी येऊर, नाहीतर कर्जतकडच्या वाटा. उतार लागला की सतत पॅडल मारूनही बरोबरचे दोघे फारसे पाय न हलवता पुढे निघून जातात, पॅडल दगडावर आपटतं आणि निम्म्या उतारातच मांड्या भरून येतात. क्लिपलेस पॅडल, म्हणजे बूट ज्यात अडकवता येतो अशी, घेतली तर फरक पडेल का?

क्लिपलेसचं शेवटी बघू, कारण अडचण तिथे नाही. वर्णनावरून दिसतं ते असं, की तुम्ही पॅडल कमी मारता म्हणून मागे पडत नाही, नको तिथे मारता म्हणून पडता. उतारावर पॅडलचं काम एका वेळी दोन-चार सेकंदांचं असतं: वळणातून बाहेर पडताना, सपाटीच्या तुकड्यावर, मध्येच येणाऱ्या छोट्या चढाच्या तोंडाशी. तिथे योग्य गिअरमध्ये तीन ते सहा पूर्ण फेरे दणकून मारायचे आणि लगेच क्रँक (पॅडल ज्यांना जोडलेली असतात ते दोन हात) आडवे करून अंग खाली न्यायचं. उरलेल्या वेळात पाय सायकल सांभाळायला लागतात.

आकडे मांडले की हे पटतं. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरू आणि जोर लावल्यावर पायांतून ४०० वॅट निघतात असं धरू. नियमित सायकल चालवणाऱ्याला काही सेकंद एवढं जमतं. ताकद तीच असली, तरी वेग वाढतो तसा चाकाला मिळणारा रेटा कमी होतो. ताशी १५ किलोमीटरला ४०० वॅटमधून साधारण ९६ न्यूटन रेटा मिळतो, ताशी ३६ ला जेमतेम ४०. हवेचं गणित उलटं आहे, तिचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. अंग उंच ठेवून चाललात तर १५ च्या वेगाला तो सहा-सात न्यूटन असतो आणि ३६ च्या वेगाला ३५ च्या आसपास. म्हणजे ३६ ला पाय गरागरा फिरवून जे हाती येतं ते जवळजवळ सगळं वाराच खातो. त्याच जागी पाय थांबवून, कोपरं वाकवून छाती हँडलजवळ नेली तर दम न घालवता विरोध कमी होतो. आणि १० टक्के उतार काहीही न करता ८३ न्यूटनने ओढत असतोच.

आणखी एक हिशोब. ताशी १५ वरून २५ ला जायला या ८५ किलोंना सुमारे १३०० जूल लागतात. ४०० वॅटने आणि मिनिटाला ९० फेऱ्यांनी ते पाच पूर्ण फेरे झाले. उंचीच्या भाषेत तेवढीच ऊर्जा दीड मीटर खाली उतरलं की मिळते. आता वळणाच्या आधी गरज नसताना ब्रेक दाबून तुम्ही १८ च्या ऐवजी १५ ने बाहेर पडलात, तर एका फेऱ्याहून थोडी जास्तच मेहनत ब्रेक पॅडमध्ये जाळली. एका उतारावर अशी वीस वळणं असतील तर मांड्या कशाने भरतात ते वेगळं सांगायला नको. तुमचे दोन सोबती पाय न हलवता पुढे जातात त्याचं कारण त्यांच्या ब्रेकच्या बोटांत आहे.

याचं टोकाचं उदाहरण डाउनहिल, म्हणजे उतारावरच्या सायकल शर्यती, बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. २०१५ साली ऑस्ट्रियात लिओगांगच्या वर्ल्ड कप शर्यतीत ॲरन ग्विनची चेन सुरुवातीच्या फेऱ्यांतच तुटली. त्याने पुढचा सगळा उतार चेनशिवाय उतरला आणि ती शर्यत जिंकली. यावरून पॅडल मारूच नये असं म्हणणं बरोबर नाही. लिओगांग हा बांधीव, वेगवान, वळणावळणांचा उतार आहे आणि उतरणारा ग्विन होता. आपल्याकडच्या वाटा तशा नाहीत. त्या मध्येच सपाट होतात, ओढ्यात उतरून पुन्हा चार पावलं चढतात, शेताच्या बांधावर अडतात. तिथे वेग १० वर येतो आणि पॅडल खरोखर कामाचं ठरतं. हिशोब ढोबळमानाने असा ठेवा: ताशी २० च्या खाली पॅडलमध्ये भरपूर माल आहे, २० ते २५ मध्ये जागा चांगली असेल तरच, २५ च्या वर नाद सोडा आणि अंग खाली न्या.

जागा कशी ओळखायची

वाटेकडे बघताना तीन-चार मीटर पुढे नाही, दहा-पंधरा मीटर पुढे नजर हवी, कारण पॅडल मारायचं की नाही हे तिथे पोचायच्या आधी ठरलेलं असावं लागतं. तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्या पाहिजेत: सायकल सरळ उभी आहे, जमीन टायर धरणारी आहे, आणि पुढे निदान दोन सेकंद ब्रेक लावायचा नाही. यातली एकही नसेल तर मारू नका. तिसरी अट लोक हमखास विसरतात. चार फेरे मारून वेग वाढवायचा आणि पाचव्याला ब्रेक दाबायचा हा उतारावरचा सगळ्यात महागडा छंद आहे.

वळणाचं म्हणाल तर क्रम असा. सरळ असतानाच ब्रेक, ब्रेक लावण्याच्या आधी एक हलका फेरा मारत गिअर बदलून घेणे, वळणात ब्रेक सुटलेले, नजर बाहेरच्या टोकावर. सायकल कलातून उठून सरळ होऊ लागली की पहिला फेरा सुरू. गिअर वळणानंतर बदलू म्हणालात तर चेन नेमकी जोर लावण्याच्या क्षणी एका चक्रावरून दुसऱ्यावर चढत असते. तिथेच ती कडाडते, निसटते, कधी तुटते.

सलग उंचवटे असतील, आणि कर्जत-नेरळकडच्या ढोरवाटांवर ते खूप असतात, तर तिथे पॅडलऐवजी हातापायांनी सायकल रेटायची. उंचवट्यावर चढताना गुडघे-कोपरं सैल सोडून सायकल अंगाखाली येऊ द्यायची, पलीकडे उतरताना टाचांनी तिला खाली दाबायची. दोन उंचवट्यांमध्ये अर्धा फेरा मारायचा मोह होतो. तो अर्धा फेरा दाबण्याची वेळ चुकवतो आणि मिळतं त्याहून जास्त जातं.

मुंबईच्या आसपासच्या जमिनीबद्दल दोन शब्द. उघडा काळा कातळ कोरडा असेल तर पकड झकास, बिनधास्त मारा. त्यावर मुरमाचा पातळ थर असेल तर मागचं चाक जागेवर फिरतं. घसाऱ्यावर मारायचंच असेल तर नेहमीपेक्षा एक गिअर जड घ्या, म्हणजे जोराचा झटका चाकापर्यंत मवाळ होऊन पोचतो. फेरे मोजके आणि गोल ठेवा, वजन थोडं मागे. जानेवारी ते मार्च सागाच्या पाचोळ्याखाली काय आहे ते दिसत नाही, तिथे क्रँक आडवे. पावसात शेवाळ धरलेल्या कातळावरून सरळ रेषेत, पॅडल आणि ब्रेक दोन्ही बंद ठेवून वाहत जायचं. त्यावर अर्धा फेरा जरी मारलात तरी मागचं चाक कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.

एक फेरा कसा असतो

सीटपासून सुरुवात. चढाला लागणारी उंची उतारावर नको, पण खाली घेतलेल्या सीटवर बसून जोर लावायचा नाही. गुडघा जास्त दुमडलेला असताना दाबलं की वाटीवर ताण येतो आणि मांडीची पुढची बाजू मिनिटभरात पेटते. तुमच्या मांड्या भरण्याचं निम्मं कारण बहुतेक हेच. ड्रॉपर (बटण दाबून खाली-वर होणारा सीटपोस्ट) नसेल तर उताराच्या आधी उतरून क्विक रिलीज सोडा, सीट १० ते १५ सेंटिमीटर खाली सरकवा. चढाच्या उंचीवर सीटपोस्टला इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवा, परत लावताना अंदाज घ्यावा लागत नाही.

जोराचे फेरे उभं राहून. कंबर बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या) सरळ वर, छाती पुढे, कोपरं बाहेर. नुसतं उभं राहून टाचा मागे नि ढुंगण मागच्या चाकावर ठेवलंत तर वजन पॅडलवर पडत नाही, मग हात हँडलला लटकतात. जोर लावताना ज्या पायाने दाबता त्याच बाजूचं हँडल किंचित वर ओढायचं. सायकल अंगाखाली थोडी डावी-उजवी हलते, ती हलू द्या. डोकं आणि छाती मात्र सरळ रेषेत राहिली पाहिजे. डोकं हलायला लागलं की समजा गिअर जड आहे.

उजव्या बाजूने बघितलं तर क्रँकचा फेरा घड्याळासारखा दिसतो. जोर एक ते पाच वाजेपर्यंत, सगळ्यात जास्त तीनच्या आसपास. बारा आणि सहाला पाय नुसता ओलांडून जायचा, तिथे दाबून काही मिळत नाही. सुरुवात नेहमी आडव्या क्रँकवरून, म्हणजे पुढचा पाय तीनवर असताना. तुम्ही वाहत जाताना कुठला पाय पुढे ठेवता? बहुतेकांचा एकच ठरलेला असतो आणि पहिला दणका त्यालाच जमतो. हरकत नाही. पण जिथे दगड त्या बाजूला आहे तिथे दुसऱ्या पायाने सुरू करता आलं पाहिजे, म्हणून सरावात अर्धे प्रारंभ नावडत्या पायाने करा.

पाऊल पॅडलवर कुठे, हा प्रश्न फ्लॅट, म्हणजे बूट न अडकणाऱ्या साध्या पॅडलवाल्यांनी मनावर घ्यावा असा आहे. रस्त्यावर चवड्याचा उंचवटा बरोबर पॅडलच्या दांड्यावर येतो. उतारावर पाऊल दीड-दोन सेंटिमीटर पुढे सरकवा, म्हणजे दांडा चवड्याच्या मागे येतो. पोटरीवरचा ताण कमी होतो, टाच सहज खाली जाते. वाहत असताना टाच खाली, कारण दगडाचा धक्का मग पाऊल उडवत नाही, उलट पॅडलमध्ये रुतवतो. जोर लावताना टाच पॅडलच्या पातळीला येते, फेरे संपले की पुन्हा खाली. पाय सटकण्याच्या तक्रारीत नव्वद टक्के वेळा ही टाच परत खाली गेलेली नसते. उरलेल्या वेळा बूट दोषी असतात: धावण्याच्या बुटांचा मऊ तळ पॅडलच्या दोन्ही बाजूंनी वाकतो आणि खोल नक्षीमुळे पिना त्यात धड घुसत नाहीत. सपाट, चिकट रबराचा तळ आणि पिना असलेलं पॅडल एवढं पुरतं. पिना आल्या की नडगीला गार्ड आलंच.

फेऱ्यांची गती मिनिटाला ८० ते १००. म्हणजे सेकंदाला दीड फेरा. त्याहून हळू तर प्रत्येक दाब झटका होऊन मागचं चाक घसरतं. त्याहून जलद तर उभ्याने तोल राहत नाही.

दगड, चर आणि अर्धा फेरा

पॅडल आपटण्याचं गणित मापाचं आहे. तुमच्यासारख्या हार्डटेलवर बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून साधारण ३०० मिमी उंच असतो. क्रँक १७० मिमी, पॅडलची अर्धी जाडी १० मिमी. पॅडल तळाला असताना खाली उरतात १२० मिमी, तेही टायर न दबता आणि पुढचा सस्पेन्शन फोर्क न बसता. सायकल २० अंश कललेली असेल तर आतल्या बाजूचं पॅडल जमिनीपासून ५० मिमीच्या आत येतं. क्रँक आडवे केले की सगळ्यात खालची वस्तू पुढची चेनरिंग (पुढचं दातेरी चक्र) होते. ४२ दात्यांच्या मोठ्या चेनरिंगवर चेन असेल किंवा नसेल, ती तिथे आहेच. तिच्याखाली २१५ मिमी उरतात. पाय थांबवून आडवे केल्याने मोकळी जागा पावणेदोन पट होते. पावसाने कोरलेली चर वीतभर खोल असेल तर तिच्यात पॅडल विसरा. मारायचं असेल तर काठावर या.

दगड मोजके आणि अंतराने असतील तर फेरा जुळवता येतो. ३४ ची चेनरिंग आणि मागे १८ असेल तर २७.५ च्या चाकावर एका फेऱ्यात सायकल सुमारे ४.१ मीटर जाते. म्हणजे दर दोन मीटरला एक ना एक पॅडल तळाला येतं, आळीपाळीने. वाटेत डावीकडे एकच उंच दगड आहे. दोन मीटर आधी डावं पॅडल तळाला आलं तर दगडापाशी उजवं खाली आणि डावं वर असेल. हे डोक्यात मांडून होत नाही, पण सोसायटीच्या आवारात दोन-दोन मीटरवर विटा मांडून अर्धा तास फिरलात तर पाय शिकतात.

दगड दाट असतील तर अर्धा फेरा, खरं तर पाव फेराच. पुढचा पाय दोनवरून चार-साडेचारपर्यंत दाबायचा, मग क्रँक उलटे फिरवून परत दोनवर आणायचे, पुन्हा दाबायचं. पॅडल तळाला जातच नाही. ओढ्यातून वर निघताना किंवा दोन दगडांमध्ये वेग मेला असेल तेव्हा याला तोड नाही. दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली हबची, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या भागाची. साध्या फ्रीव्हीलला (पाय थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या यंत्रणेला) १८ ते २४ जागी पकड असते. २४ धरली तरी, पुढे आणि मागे दाते सारखे असतील तर, क्रँक १५ अंश रिकामे फिरू शकतात, १७० च्या क्रँकवर पाऊल साडेचार सेंटिमीटर हवेत जातं आणि मग धाडकन पकडतं. चांगल्या हबला ५४ जागा असतील तर हेच दोन सेंटिमीटर. साध्या हबवर पहिला सेंटिमीटरभर पाय हलका ठेवा, पकड लागली की मगच वजन टाका. एकदम वजन टाकून रिकाम्यात पाय गेला तर तोल पुढे जातो आणि नडगी पॅडलवर येते. दुसरी गोष्ट चेनची. मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर असताना क्रँक उलटे फिरवले की चेन तिरकी असल्याने खालच्या चक्रावर घसरते. म्हणून पाव फेरा मारायचा तर चेन मधल्या चक्रांवर हवी.

चाक आधीच वेगात असेल तर आणखी एक घोळ होतो. हलक्या गिअरमध्ये पाय चाकाला गाठेपर्यंत नुसते भिरभिरतात. बघणाऱ्याला वाटतं माणूस मेहनत करतोय, चाकाला पत्ता नाही. सतत पॅडल मारूनही वेग वाढत नाही या तक्रारीमागे हे असण्याची दाट शक्यता आहे. तपासायला सोपं आहे: फेरा मारताना फ्रीव्हीलची कटकट ऐकू येत राहिली तर तुम्ही हवेत पाय मारताय.

कुठला गिअर

लक्षात ठेवायचा आकडा एकच: उतारावर एका फेऱ्यात ४ ते ५ मीटर. ९० च्या गतीने ४.१ मीटर म्हणजे ताशी २२, पाच मीटर म्हणजे ताशी २७. एवढ्या पट्ट्यातच पॅडलचा उपयोग असल्याने इतर गिअरशी फारसं देणंघेणं नाही. तुमच्या तीन बाय सातवर हे दोन प्रकारे मिळतं. मधली ३४ आणि मागे १८ म्हणजे ४.१ मीटर, १६ म्हणजे ४.६. किंवा मोठी ४२ आणि मागे २२ म्हणजे ४.१, १८ म्हणजे ५.१. मोठीवर चेन जास्त ताणलेली राहते, फ्रेमवर कमी आपटते, निसटतही कमी. म्हणून मोकळ्या, मुरमाड वाटेवर मोठी, मोठाले दगड असतील तर मधली. मोठी दगडावर घासली आणि चेन तिच्यावर असेल तर कडी दुमडते. मागचा छोट्यात छोटा १४ विसरलात तरी चालेल. पुढची सगळ्यात छोटी २४ फक्त परत वर येण्यासाठी.

एकच चेनरिंग असलेल्या २९ इंची सायकलवाल्यांनी ३२ ला १८ म्हणजे ४.१ आणि ३२ ला १५ म्हणजे ४.९ मीटर धरावं. शर्यतीच्या डाउनहिल सायकलला मागे सातच चक्रं असतात आणि तीही जवळजवळच्या दात्यांची, ते याच कारणाने.

अनोळखी वाटेवर शंका असेल तेव्हा एक गिअर जड ठेवा. जड गिअरमध्ये निदान पहिल्या फेऱ्यालाच पकड मिळते. फक्त ओढ्यात उतरून लगेच चढ असेल तर ओढ्यात शिरायच्या आधी दोन गिअर हलके करा, पाण्यात थांबून जोराने गिअर बदलणं म्हणजे डिरेलरवर अत्याचार.

सायकलचं थोडं

फोर्कचा लॉकआउट (सस्पेन्शन बंद करणारा खटका) उघडा आहे ना, बघा. चढाला बंद केलेला लॉकआउट उतारावर तसाच राहणं ही रोजची गोष्ट आहे, आणि मग पुढचं चाक उड्या मारतं म्हणून पॅडल जमत नाही अशी समजूत होते. ७० किलोच्या माणसाने २७.५ बाय २.२ च्या ट्यूबवाल्या टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास हवा ठेवावी. दुकानात ५० भरून देतात, ती वाटेवर कमी करा. क्रँक नवे घ्यायची वेळ आली तर १७० ऐवजी १६५ घ्या, पाच मिमी मोकळी जागा वाढते आणि उभ्याने फेरा सोपा जातो.

मुंबईत चेन वापरण्याआधी हवेने मरते. खारट दमट हवेत, खिडकीखाली ठेवलेली ओली सायकल एका रात्रीत तांबूस होते. पावसात राइडनंतर साध्या पाण्याच्या हलक्या धारेने माती काढा, चेन फडक्याने कोरडी करा, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब वेट लूब (ओल्या हवेसाठीचं चेनचं तेल), पंधरा मिनिटांनी वरचं सगळं पुसून टाका. गाड्या धुतात त्या जोरदार फवाऱ्याने बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. चेन ०.७५ टक्के ताणली गेली की बदला. ताणलेली चेन नेमकी उभ्याने जोर लावताना दात्यावरून उडते, आणि त्या वेळी छाती हँडलवर असते.

सराव कुठे आणि कसा

यासाठी जंगलात जायची गरज नाही. येऊर आणि बोरिवली दोन्हीकडे राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे. डांबरी रस्ता सोडून पायवाटेवर सायकल घालायची तर वन विभागाची परवानगी हवी, आणि पहाटे-संध्याकाळ बिबट्याची वेळ असते. शेतातून जाणाऱ्या वाटेवर ज्याचा बांध आहे त्याला विचारा. भात कापून झाल्यावर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

पहिले दोन आठवडे सोसायटीतली मोकळी जागा किंवा मैदान. क्रँक आडवे ठेवून उभं राहा, चालण्याच्या वेगाला तीन फेरे जोरात, मग लगेच आडवे, टाच खाली, अंग खाली. हे दहा वेळा, मध्ये मिनिटभर आराम. कान फ्रीव्हीलच्या आवाजावर ठेवा: फेरे मारताना शांत, सोडल्यावर कटकट. नंतर विटांचा सराव आणि पाव फेरा. तिसऱ्या आठवड्यात पार्किंगचा रॅम्प, गाड्या नसताना: वरून वाहत खाली, तळाशी वळून बाहेर पडताना चार फेरे. आरेतले चढउताराचे रस्ते किंवा खारघरच्या टेकडीचा रस्ता सकाळी लवकर गिअर जुळवायला उत्तम. पळणारे, चालणारे असतात, त्यामुळे तिथे वेगाचे प्रयोग नकोत.

मग नेहमीची वाट घ्या आणि एकदा पॅडल अजिबात न मारता उतरा, जिथे सायकल थांबेल तिथेच फक्त पाव फेरा. त्या फेरीत ब्रेक कुठे कुठे उगाच लागले ते कळतं. दुसऱ्या फेरीत तीनच जागा निवडा आणि तिथेच मारा. मोबाइलवर वेळ लावून दोन्ही ताडून बघा. सरळसोट वाटेवरही फरक तुम्हाला वाटतो त्याहून कमी निघेल. वाटेत गुळगुळीत तुकडा आला की गुडघे जवळजवळ सरळ करून दोन श्वास घ्या. सतत अर्धवट वाकलेल्या गुडघ्यांवर उभं राहणं हेच मांड्या भरण्याचं उरलेलं निम्मं कारण आहे.

आता क्लिपलेस. सध्या घेऊ नका. पाय वर ओढून जास्त ताकद मिळते हा त्यामागचा लोकप्रिय युक्तिवाद उतारावरच्या तीन-चार फेऱ्यांना फारसा लागू होत नाही. खडबडीत जागी पाय पॅडलवर टिकतो हा फायदा खरा आहे, पण तो टाच खाली ठेवायची सवय लागायच्या आधी घेतला तर ती सवय कधीच लागत नाही. सॅम हिलने २००७ आणि २०१० ची डाउनहिलची जागतिक विजेतेपदं फ्लॅट पॅडलवर मिळवली, तेव्हा फ्लॅट पॅडलमुळे आपण हळू आहोत असं म्हणायला जागा नाही. शिवाय पावसाळ्यात लाल चिखल क्लिटमध्ये (बुटाच्या तळाच्या खिट्टीत) बसला की पाय ना नीट अडकतो, ना वेळेवर सुटतो.

त्याऐवजी आत्ताच्या पॅडलचा दांडा वाकलेला आहे का ते बघा, कारण दगडावर इतक्यांदा आपटल्यावर तो सरळ राहिला असेल असं वाटत नाही. सायकल उलटी करून क्रँक हाताने सावकाश फिरवा. पॅडलचा पृष्ठभाग वर-खाली डुलला तर दांडा गेला. पॅडल बदलताना डावीकडचे आटे उलटे असतात. चौकोनी दांड्याचा बॉटम ब्रॅकेट असेल तर क्रँकचा बोल्ट ४० न्यूटन-मीटरला आवळा आणि पुढच्या दोन राइडनंतर पुन्हा तपासा. सैल क्रँकवर उभं राहून जोर लावला की अल्युमिनियमचं चौकोनी भोक गोल होतं, आणि मग तो क्रँक टाकूनच द्यावा लागतो.